चंपत दुर्गेंच्या बैठकीची मोजणी

चंपत दुर्गे यांच्यासमोर कोणतीही वस्तू ठेवा, आधी तिची लांबी त्यांच्या डोळ्यांत भरते, मग ती वस्तू. लग्नाला गेले की जेवणापेक्षा मांडवाच्या खांबांमधलं अंतर त्यांना जास्त सतावतं. नात झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्यांनी आधी वितीने मोजली आणि मग तिचा पापा घेतला. सून वृषाली हे अजून येईल-जाईल त्याला सांगते. तेहतीस वर्षं जमीन मोजण्याच्या खात्यात काढलेला माणूस दुसरं काय करणार?

वडील दुसऱ्यांच्या वावरात सालगडी होते. त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, आणि त्यांचा मुलगा मोजणीची साखळी ओढता ओढता मोजणीदार झाला. भीमपूरपासून पार उटनूरच्या जंगलापर्यंत त्याने दगड रोवला तिथे भल्याभल्यांची भांडणं मिटली. ज्यांच्या ओसरीखाली वडील उभे राहत, ते लोक मुलाला खुर्ची देऊन ‘सर्वे सार’, म्हणजे मोजणीचे साहेब, म्हणू लागले. ‘चंपतनं मोजलं म्हंजे मोजलं’ हे भीमपुरातलं वाक्य त्यांना पेन्शनीपेक्षा प्यारं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कोणी ते म्हटलं की चंपतराव चष्मा काढून उगाच पुसत बसायचे.

अशा माणसाच्या घरी ते होम थिएटर आलं.

मुलगा हर्षदीप हैदराबादला नोकरीला. लग्नाआधीच्या हौसेने त्याने हे सगळं घेतलं होतं: सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा एक जडशीळ काळा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक दांडगा चौकोनी डबा, ज्यातून नुसता घुमारा निघतो. त्याला सबवूफर म्हणतात. मुलगी झाली आणि वृषालीने सरळ सांगितलं, या फ्लॅटमध्ये एक तर बाळ झोपेल किंवा हा डबा बोलेल. मग गाडीच्या डिकीत बसून सगळं लटांबर भीमपूरला आलं. हर्षदीपने अर्ध्या दिवसात बैठकीत वायरी ओढल्या, समोर तीन स्पीकर मांडले, मागे दोन भिंतीला टांगले, टीव्ही जोडून दिला आणि निघताना बजावलं, “बाबा, पाहा, आयका, सगळं करा. पन आतल्या सेटिंगले हात लावू नका.”

चंपतरावांनी मान डोलावली. नोकरीत प्रत्येक नव्या साहेबापुढे त्यांनी ती तशीच डोलावली होती.

पहिले तीन आठवडे घरात नुसती धमाल होती. तेलुगू सिनेमात कोणी दार वाजवलं की आवाज मागच्या स्पीकरमधून यायचा, आणि चंपतरावांच्या पत्नी रुख्मिणीबाई पदर सावरत मागच्या दाराशी जायच्या. तीनदा गेल्या. चौथ्यांदा खरंच भाजीवाली आली तेव्हा उठल्या नाहीत, आणि ती बाई रागावून पुढच्या गल्लीत गेली. धूळ बसू नये म्हणून चंपतरावांनी रिसीव्हर काचेच्या शोकेसमध्ये ठेवला, काच लावली, वर क्रोशाचा रुमाल घातला. अर्ध्या तासात तो तापून आपोआप बंद पडला. मग रुमालही गेला आणि काचही गेली. एकदा सगळंच मुकं झालं आणि पडद्यावर कसलीशी ताकीद आली. ती वाचून चंपतरावांना काही उमगेना. शेवटी रुख्मिणीबाईंनीच मागे वाकून पाहिलं आणि वायरीची केसाएवढी एक तार शेजारच्या तारेला टेकलेली शोधून काढली. “तुमची नजर वावराची,” त्या म्हणाल्या, “सुईची नाई.”

रोज संध्याकाळी शेजारचे मारोतराव येत. मारोतराव माळी, चंपतरावांचे शाळेपासूनचे दोस्त, गावाला वांगी-टमाटे पुरवणारे. घराला घर लागून, मधे फक्त एक भिंत. त्यांची जागा ठरलेली होती: त्या दांडग्या डब्याला खेटून, जमिनीवर. सिनेमात ढोल वाजला की ते पोटावर हात ठेवायचे. “कानानं नाई गा, इथं आयकू येते,” असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको रेणुकाबाई कधी आली तर उंबऱ्यातच टेकायची. एवढ्या मोठ्यानं भांडणारे लोक पाहायला तिला भाजीबाजार पुरे होता.

तर अशात एके दिवशी रिकामं खोकं माळ्यावर टाकताना चंपतरावांना तळाशी एक लहानसा माईक सापडला. लांब वायर, टोकाला बोंडाएवढी काळी टोपी. त्यांनी लगेच हर्षदीपला फोन लावला.

“बाबा, ते ठेवून द्या. ते खोली मोजायले असते. मी दिवाळीले आलो की करून देतो.”

खोली मोजायला! हे ऐकून दिवाळीपर्यंत थांबणारा माणूस वेगळा. चंपतरावांनी जाडजूड माहितीपुस्तक काढलं, नात्यातल्या एका मास्तरीणबाईंकडून इंग्रजीचा अर्थ लावून घेतला, आणि त्यांना जे कळलं त्याने ते दोन दिवस हरखून गेले. माणूस जिथे बसतो तिथे हा माईक ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून फुर्र असा आवाज काढतं, तो माईकपाशी पोचायला किती वेळ लागला ते पाहतं, आणि त्यावरून कोणता स्पीकर किती लांब आहे ते मीटरमध्ये सांगतं. साखळी नाही, टेप नाही, खुंटी नाही. आवाजाने मोजणी! पन्नास वर्षांचा माणूस पहिल्यांदा समुद्र पाहतो तेव्हा त्याचं जे होतं, तेच चंपतरावांचं झालं.

अट एकच होती, मोजणीच्या वेळी पूर्ण शांतता हवी. पहिल्यांदा ट्रॅक्टर गेला, दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली, तिसऱ्यांदा कोंबडा. यंत्राने तिन्ही वेळा कानावर हात ठेवले. तेव्हा चंपतरावांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. मोजणीच्या आदल्या दिवशी लगतच्या खातेदारांना वर्दी द्यायची असते, तशी त्यांनी आजूबाजूच्या सहा घरी जाऊन दिली. “उद्या धा वाजता मोजनी हाय. हजर राहा आन गप राहा.”

आता भीमपुरात सर्वे सारनं मोजणीची वर्दी दिली म्हणजे माणसं येणारच. दहा वाजता अंगणात आठ जण जमले. त्यात नागोराव होते, ज्यांचं वावर मारोतरावांच्या वावराला लागून. ते तर चक्क जमिनीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आले होते.

“कोनाच्या वावराची मोजनी हाय गा?”

“माया बैठकीची,” चंपतराव म्हणाले.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. पण आलोच आहोत तर बघून जाऊ म्हणून सगळे चपला काढून आत आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. मारोतरावांना त्यांच्या नेहमीच्या जागेवरून उठवलं, सोफ्यावर रचलेल्या उशांवर माईक उभा केला. चंपतरावांनी बटण दाबलं. फुर्र. डावीकडून. फुर्र, मधून. मग उजवीकडून, मग पाठीमागून. आठ माणसं श्वास रोखून बसली होती आणि कोणालाच का ते माहीत नव्हतं. शेवटी डब्याने खोल आवाजात हुंकार दिला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या.

पडद्यावर आकडे आले. चंपतरावांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. डावा स्पीकर: यंत्र म्हणालं दोन मीटर सत्तर, टेप म्हणाला दोन मीटर सत्तर. मधला: बोटभराचाही फरक नाही. मागचे दोन्ही बरोबर. प्रत्येक आकड्याला मंडळी माना डोलवत होती आणि चंपतरावांचा चेहरा फुलत होता, जसं काही यंत्राला त्यांनीच शिकवलं होतं.

मग डब्याचा आकडा आला. यंत्र म्हणालं, पाच मीटर चाळीस. टेप म्हणाला, तीन मीटर दहा.

चंपतरावांनी पुन्हा मोजलं. तीन दहाच. आख्खी बैठकच साडेचार मीटर लांब.

“मंग तं तुया डबा भित्तीच्या पल्याड, मारोतरावच्या गोठ्यात हाय,” नागोराव म्हणाले, आणि एकच हशा पिकला.

चंपतराव हसले नाहीत. आपल्या घरात, आपल्या टेपसमोर, आठ पंचांदेखत कोणी दोन मीटर तीस सेंटिमीटरची चूक करावी, हे त्यांना झोंबलं. “यंत्र हाय. त्याले काय समजते?” असं म्हणून त्यांनी रिमोटवर आकडा बदलला आणि तीन मीटर दहा करून टाकला. हर्षदीपने हात लावू नका म्हटलेली सेटिंग हीच होती. मंडळींना चहा झाला. ‘चंपतनं मोजलं म्हंजे मोजलं’ असं कोणीतरी निघताना म्हणालंच, आणि चष्मा पुसला गेला.

संध्याकाळी मारोतराव आपल्या जागेवर बसले. ढोल वाजला. त्यांनी पोटावर हात ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि हात काढून घेतला.

“आज डबा उपाशी हाय का?”

“नाई. बरोबर हाय. आजच तं बरोबर केला.”

“बरोबर असन बा. पन पोटात नाई लागून राह्यला.”

चंपतरावांनाही ते कळत होतं. ढोल तोच होता, पण आता गोणपाटावर बडवल्यासारखा वाटत होता. कबूल करायला मात्र चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांच्यातला हट्टी माणूस मागे सरला आणि जिज्ञासू माणूस पुढे आला. हा दुसरा माणूस त्यांच्यात नेहमीच जास्त जोरदार होता, म्हणून तर साखळी ओढणारा पोरगा मोजणीदार झाला.

त्यांनी जुनी वही काढली. रोज दुपारी एकच ढोल लावायचा आणि आकडा बदलत जायचा. तीन दहा, साडेतीन, चार, असं वर वर. पंच म्हणून मारोतराव, डोळे मिटून, पोटावर हात. आकडा त्यांना सांगायचा नाही. तीन दहाला वहीत नोंद झाली, ‘पोकळ’. चारला ‘पोकळच’. पाचला ‘जरा बरं’. पाच चाळीसला मारोतरावांनी डोळे न उघडता मान डोलावली, आणि आतून रुख्मिणीबाई ओरडल्या, “वाट्या वाजून राह्यल्या!” सहाला पुन्हा बिघडलं. चंपतरावांनी आकडे उलटेसुलटे केले, मधेच खोटंच बटण दाबल्यासारखं केलं, दुसरा दिवस घेतला, तिसरा घेतला. पोट आणि वाट्या, दोन्ही साक्षीदार फुटले नाहीत. पाच मीटर चाळीस.

टेप खरा, हे त्यांना ठाऊक होतं. आता यंत्रही खरं निघालं. दोन माणसं खरं बोलतात आणि दोघांचं वेगळं, असं कसं होतं? जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी हर्षदीपला फोन केला आणि हात लावल्याचं कबूल केलं.

हर्षदीप आधी भरपूर हसला. मग म्हणाला, “बाबा, ते अंतर मोजतच नाई, वेळ मोजते. बाकीच्या स्पीकरमंधून आवाज सीधा निघते. या डब्याच्या आत सर्किट हाय. आवाज आत जाते, थोडासा थांबते, मंग निघते. तो थांबलेला वेळबी मोजनीत येते, म्हणून डबा लांब वाटते. तुमचा टेप बाहेरचं मोजते. आतलं कसं मोजन?”

चंपतरावांनी फोन ठेवला आणि रिमोट उचलला. मग त्यांनी आकडा पाच चाळीस केला आणि दोन दिवस गावभर हे सांगत सुटले. पानठेल्यावर सांगितलं, विहारात सांगितलं, नागोरावांना थांबवून सांगितलं. “लांबी खरी, पन ज्यानं मोजतो त्याच्या आतलंबी त्यात येते! पाहा बरं!” एवढा आनंद त्यांना निवृत्तीच्या हारानेही झाला नव्हता.

पण जिज्ञासा एकदा घरात शिरली की ती कोणत्या खोलीत जाईल हे घरमालकाच्या हातात राहत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता चंपतरावांच्या मनात आलं, मग आपण ज्याने मोजत होतो त्याच्या आत काय होतं? स्टीलचा टेप, ठीक. तो उन्हात किंचित वाढतो, पण ते काही नाही. त्याच्या आधी? त्याच्या आधी लोखंडी साखळी. तेहतीस फुटांची, कड्यांची. ती दगडाधोंड्यांतून ओढून ओढून कडी झिजतात, उघडतात आणि साखळी वाढते. म्हणून तर कचेरीच्या आवारात बरोबर तेहतीस फुटांवर दोन दगड पुरलेले असायचे. मोजणीला निघण्याआधी साखळी त्या दगडांमधे ताणून पाहायची आणि मगच निघायचं. चंपतरावांनी हा नेम कधी मोडला नव्हता.

ब्रश तोंडातच राहिला. एकदा मोडला होता.

एकवीस वर्षांपूर्वी पैनगंगेच्या पुराचं पाणी नाल्यातून वर चढलं आणि मारोतराव अन् नागोरावांच्या मधला धुरा, म्हणजे वावरांमधला बांध, वाहून गेला. दोघेही म्हणाले, चंपत, तूच मोजून दे. चंपतराव तेव्हा उटनूरच्या जंगलातली गावं मोजून दोन हंगामांनी परतत होते. रविवार होता, कचेरी बंद, काम दोस्ताचं. साखळी गाडीतून थेट वावरात गेली. नागोरावांच्या वावराची रुंदी कागदावर अठरा साखळ्या. नाल्याकडच्या जुन्या दगडापासून अठरा साखळ्या मोजल्या आणि तिथे नवा दगड रोवला. अलीकडे नागोराव, पलीकडे मारोतराव. मारोतरावांनी खोदलेली बोअर दीड फुटाने नागोरावांच्या हद्दीत गेली. मारोतरावांनी हरकत घेतली नाही. त्याच दिवशी त्यांनी बोअरचा पाइप सोडवून खांद्यावर घरी नेला. चंपतनं मोजलं म्हंजे मोजलं.

पुढच्याच महिन्यात कचेरीत स्टीलचे टेप आले आणि ती साखळी रद्द झाली. रद्द माल म्हणून चंपतरावांनी आठवणीसाठी मागून घेतली. ती ट्रंकेत होती.

त्यांनी ती अंगणात पसरली. एक टोक रुख्मिणीबाईंच्या पायाखाली दिलं, दुसरं स्वतः ताणलं आणि शेजारून टेप लावला. तेहतीस फूट तीन इंच.

हिशेब करावा लागला नाही, तो आपोआप झाला. दर साखळीला तीन इंच, अठरा साखळ्यांना चोपन्न. साडेचार फूट. बोअर मारोतरावांचीच होती, चांगली तीन फूट आत.

“काय झालं?” रुख्मिणीबाईंनी विचारलं. चंपतरावांनी सगळं सांगितलं. त्या साखळीवरच उभ्या राहिल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “कोनाले मालूम हाय?”

“मले.”

“त्या बोअरचं पानी तं साहा वर्साआंदी आटलं. आता सांगून कोनाच्या चुलीवर काय शिजनार हाय? आन तुमी एवढं नाव कमावलं...” त्या थांबल्या. वडील सालगडी असलेल्या माणसाचं नाव कशाचं बनलेलं असतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. गावात असेही लोक होते जे एवढ्याचीच वाट पाहत होते. म्हणतील, बघा, साखळी कोणाच्या हातात दिली होती.

चंपतरावांना भीती वाटली, खरीखुरी. दोन दिवस त्यांनी रिसीव्हर लावला नाही, व्होल्टेजचं कारण सांगितलं. मारोतराव येऊन आपल्या जागेवर बसायचे, मुक्या डब्यावर हात ठेवायचे आणि चहा पिऊन जायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “व्होल्टेज नाई तं फॅन कसा फिरून राह्यला गा?”

तेव्हा चंपतरावांनी सांगितलं. उभ्याने सांगितलं, बसून सांगता येईना. साखळी, दगड, रविवार, साडेचार फूट.

मारोतराव डब्याकडेच पाहत होते. “साडेचार?”

“साडेचार. बोअर तुयी होती.”

आता हा शिव्या देईल, नाहीतर ‘जाऊ दे’ म्हणून पाठ थोपटेल, यापलीकडे चंपतरावांना काही सुचलं नव्हतं. मारोतरावांनी दोन्ही केलं नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. “तू गेल्यावर म्या त्या दिवसी धुऱ्यावर तिले झापलं होतं,” ते म्हणाले. “चार लोकाईसमोर. रेणुका म्हने, कमी भरलं. म्या म्हनलं, तुले काय समजते, चंपतच्या साखळीले खोटं म्हंतं? तीन साल नाल्यावरून घागरी वाह्यल्या तिनं. मंग दुसरी बोअर झाली.” ते उठले. “मले काऊन सांगतं? तिले सांग.”

रेणुकाबाई ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. चंपतराव तिच्यासमोर खाली बसले आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही, हेही त्यांना कळलं. तिचे हात चालूच होते.

“दोन ओळी,” ती म्हणाली.

“काय, वैनी?”

“वांग्याच्या दोन ओळी. सडकेपासून धुऱ्यालोक चाळीस बसत होत्या. त्या साली अडतीस बसल्या. माया हातानं दीड हाताची एक ओळ, दरसाल तेवढीच. रोपं माया टोपलीत उरले, फेकाव लागले मले.”

दीड हात म्हणजे सव्वादोन फूट. दोन ओळी म्हणजे साडेचार. चंपतरावांच्या डोक्यात आकडा पडला. एकवीस वर्षं ही बाई इंचाइंचाने बरोबर होती. तिच्याकडे साखळी नव्हती, दगड नव्हते, कचेरी नव्हती. नुसता हात होता.

“वैनी, तुमी मले तवाच काऊन नाई सांगतलं?”

रेणुकाबाईने जुडी खाली ठेवली. “भाऊजी, तुमी त्या दिवसी सगळ्याईले इचारलं. हे होते, नागोरावभाऊ होते, पाटलाचा गडीबी होता, त्याचाबी अंगठा घेतला. मी तिथंच उभी होती. डोक्यावर टोपली होती माया.”

लगतचे खातेदार, पंच, साक्षीदार, कोणाला विचारायचं ते चंपतरावांना तोंडपाठ होतं, आणि त्या यादीत ही बाई कधी बसलीच नव्हती. ते घरी गेले, कोरा कागद आणि पेन घेऊन परत आले. त्याच जागी मांडी घालून लिहायला लागले. मी चंपत दुर्गे, निवृत्त मोजणीदार, लिहून देतो की, अमुक तारखेची मोजणी मी न तपासलेल्या साखळीने केली व ती चुकीची आहे. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. मग त्यांनी पेन थांबवलं.

“वैनी, तुमची मोजनी सांगा.”

ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. सडकेपासून धुऱ्यापर्यंत, चाळीस ओळी, अडतीस ओळी, दीड हात. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

“नुसतं दीड हात नाई,” ती म्हणाली. “माया हातानं दीड हात. तसं लिवा.”

त्यांनी तसं लिहिलं. तिने ओले हात लुगड्याला पुसले, कागद मांडीवर घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. कागद परत देता देता पुन्हा मागे ओढला.

“आन हेबी लिवा. का म्या तवाच सांगतलं होतं, आन यायनं आयकलं नाई.”

चंपतरावांनी दाराकडे पाहिलं. मारोतराव तिथे चौकटीला धरून उभे होते.

“लिव,” मारोतराव म्हणाले.